दुसरा ठोका

मोहरील साहेब यवतमाळहून येतात, जीपच्या मागे
गोधडीत गुंडाळलेली एकेक बंदूक घेऊन.
आधी परवान्याची झेरॉक्स दाखवतात,
मग चहा.
मी चक्की बंद करते. पट्टा थांबेपर्यंत
कोणीच बोलत नाही.

बाबांना आता दिसत नाही. तेवीस वर्षं पुलगावच्या डेपोत
त्यांनी थ्री-नॉट-थ्री उघडल्या आणि मिटल्या,
तुरीच्या शेंगा सोलाव्या तशा.
आता बाजेवरून ते विचारतात,
बोटं माझी.

"आंधी वास घे व बेबे."
जुन्या दस्त्याला जवसाच्या तेलाचा वास पाहिजे,
पावसाळ्यात वरून, उन्हाळ्यात आतून आतून.
मागच्या खेपेच्या बंदुकीला बुटाच्या पॉलिशचा आला होता.
"मंग थो दस्ता काल जलमला."

आकड्यांवरून नख फिरव, म्हणतात.
कारखान्यात ठसा आधी पडतो, काळा रंग मागून चढतो,
म्हणून आकड्याचा तळही काळा.
ज्याचा तळ चांदीसारखा उघडा, तो नंतर घुसलेला पाहुणा.
खरं जुनं झिजतं ते हात लागतो तिथेच.
सगळीकडे सारखं झिजलं असेल
तर ते तेजाबानं.
(मला पाहायला आलेल्या एका स्थळाबद्दलही
बाबा हेच बोलले होते.)

आजची वेगळी निघाली. दस्ता खरा, नळी खरी,
स्क्रूच्या खाचेतला मळसुद्धा खरा.
अंगावर जो नंबर, तोच बोल्टवर. तळ काळा.
मोहरील साहेबांनी बयाण्यासाठी पाकीट काढलं.

तरी बोट अडकलं.
प्रत्येक आकड्याच्या उजव्या कडेला पुसट सावली,
केसाइतकी:
कोणीतरी एकदा ठोकून, मन भरलं नाही म्हणून
पुन्हा ठोकलेलं.

ही सावली मला पाठ आहे.
माझ्या लग्नातल्या पितळी गुंडावर, गंगाळावर,
परातीच्या काठावर
'चि. सौ. कां. बेबी झिबल बावणे'
यातल्या एकेका अक्षराला ती चिकटलेली आहे.
तीस वर्षं राखेनं घासते,
जात नाही.

बोल्ट मी बाबांच्या तळहातावर ठेवला.
अंगठा एकदा गेला. एकदा परत आला.
बाहेर कोणाची तरी बकरी दळणाच्या डब्यात
तोंड घालत होती, तिला कोणी हाकललं नाही.

"बोल्ट खोटा हाये," बाबा म्हणाले.
"बाकीचेच पैसे द्या, सायेब."
मग जरा थांबून, माझ्याकडे नाही, भिंतीकडे:
"पन काम बरं हाये."

मोहरील साहेबांनी वहीत लिहिलं, बोल्ट नकली.
कोणाच्या हातचा, ते विचारलं नाही.

मी पट्टा चढवला. पाटलीणबाईची ज्वारी राहिली होती.
बोटांना जवसाचा वास, आणि पीठ.
जीप नाल्यापलीकडे गेली तरी
बाबांचा अंगठा बाजेच्या लाकडावर
पाच आकड्यांएवढं अंतर
जात होता, येत होता.