चार मिलिमीटर

सकाळी साडेसहाला, औदेनार्डच्या हॉटेलामागे,
बोटं गारठलेली असताना
मी टिबोच्या सीटचा बोल्ट आवळला.
टॉर्कचा पाना व्हॅनमध्ये राहिला होता.
हाताला कळतं, म्हटलं.
तीस वर्षं कळतच आलंय.

एकशे चाळिसाव्या किलोमीटरला रेडिओ खरखरला:
"लीव्हन, मी खाली बसतोय का?"
मला वाटलं, दमला असेल.
मग गाडीतल्या टीव्हीवर, दगडी चढावर,
त्याचे गुडघे दिसले,
बाहेर फेकलेले,
धाकट्याच्या सायकलवर बसलेल्या थोरल्यासारखे.

चार मिलिमीटर.
पुढचे अकरा जण तेवढ्यात निसटले.

खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळून
मी चालत्या सायकलची सीट वर खेचली.
तो पेडलवर उभा,
मानेवर मिठाची पांढरी रेघ.
एका शेतकऱ्याचं कुत्रं आमच्या बरोबरीने धावलं
आणि कंटाळून थांबलं.
कोणी आवळला होता, हे त्याने विचारलं नाही.
मांड्या मात्र तोवर रिकाम्या झाल्या होत्या.

सदतिसावा.

संध्याकाळी मी सायकली धुत होतो.
तो फ्राईजचा कागदी द्रोण घेऊन आला,
पाण्याच्या पाइपापाशी टेकला,
म्हणाला, "दगड फार वाईट होते आज."
मी हो म्हटलं.

तो गेल्यावर क्लॅम्प उघडला.
उंचीची खूण म्हणून लावलेली काळी टेप
आत चुरगळून बसली होती.
नखाने खरवडून काढली.
थोडी अजून नखात आहे.