सहाची पट्टी

यंत्र द्यायला इंदूरात पुष्कळ जण पुढे येतात.
यंत्राच्या डबीवर नाव छापता येतं,
कानामागे ते बसवताना फोटो निघतो,
मूल दचकतं, आई डोळे पुसते,
आणि गळ्यातला हार काढत पाहुणा म्हणतो,
भिया, फार मोठं काम करताय तुम्ही.

बॅटरी दहा दिवसांत संपते.
मसुरीच्या दाण्याएवढी. सहाची पट्टी येते.
तिच्यावर कोणाचं नाव मावणार?

एकतीस मुलं, बासष्ट कान,
दर महिन्याला मुलामागे एक पट्टी.
इतका सरळ हिशेब सियागंज शाखेतसुद्धा
मला कधी लागला नव्हता.
तिथे तेहतीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले.
मागायला आत्ता शिकते आहे,
गुडघे गेल्यावर.

सावनी म्हणाली, मावशी, पावतीपुस्तक राहू द्या,
लोक आता फोनमध्ये राहतात.
खजराण्याच्या फरहानाला तिने खिडकीपाशी उभं केलं.
फरहाना बोलली, हातांनी,
एक मिनिट दहा सेकंद:
गणिताच्या तासाला बॅटरी कशी गेली,
बाईंचे ओठ कसे हलतच राहिले,
आणि सगळी मुलं कशाला तरी हसली.
खाली अक्षरं नाहीत, मागे संगीत नाही.
सावनी मुद्दाम तसं ठेवते की विसरते,
मी विचारलं नाही.

रात्रीत अकरा हजार लोकांनी पाहिलं.
निरोप येत गेले:
आवाज येत नाहीये.
परत टाका.
तुमची फाइल बिघडली आहे.
देवासच्या एका गृहस्थांनी तर
फोन दुकानात नेऊन दाखवला म्हणे.
सावनी घाबरून खुलासा लिहायला बसली.
फरहानाने तो तिच्या खांद्यावरून वाचला, सगळा पुसला,
आणि एका बोटाने टाइप केलं:
तुमचा फोन चांगला आहे. बॅटरी संपली आहे.

त्या महिन्यात एकोणीस हजार चारशे आले.
अकरा रुपये, एक्कावन्न, दोनशे,
एकाने तीन वेळा एक एक रुपया,
बहुतेक पोहोचतोय का बघायला.
पुढच्या महिन्यात दोन हजार.
त्याच्या पुढच्या महिन्यात तीनशे चाळीस.
सावनी म्हणाली, आता नवीन काहीतरी दाखवायला हवं.
मी म्हटलं, नवीन काय दाखवणार?
तेच कान, तीच पट्टी.
ती गप्प बसली. मीही जरा तोडूनच बोलले होते.

म्हणून पहिल्या रविवारी आम्ही पायी निघतो.
मल्हारगंज, लोधीपुरा, मग जुनी इंदूर.
सावनीच्या गळ्यात पैसे भरायच्या चौकोनाचा पुठ्ठा,
माझ्या पिशवीत पावतीपुस्तक, कार्बन, पाण्याची बाटली.
पापडवाले ताराचंदजी दहाची नोट देतात
आणि पावती नको म्हणतात.
मी फाडतेच. दहाचीही फाडते.
ती ते गल्ल्याच्या काचेखाली सरकवतात,
आठ महिन्यांच्या आठ, एकीखाली एक.
वरच्या मजल्यावरची बाई दारातूनच सांगते,
तुमचं ते बघितलं होतं हो मी, लाइकसुद्धा केलं.
मी म्हणते, हो, पोहोचलं.
काय पोहोचलं ते ती विचारत नाही.

एकतीसपैकी चोवीस पट्ट्या झाल्या आहेत.
दुपारचा एक वाजत आला आहे,
या गल्लीत अजून नऊ दारं.
घंटी फरहानाच दाबते, तो तिचा हक्क.
दाबते, आणि तळहात दारावर टेकवून उभी राहते.
आत कोणी उठलं, चप्पल शोधली,
चालू लागलं, की तिला ते लाकडातून कळतं.
आम्हा दोघींना काहीच ऐकू येत नाही.
मी म्हणते, चला, घरी नाहीत कोणी.
फरहाना हात न काढता मान हलवते:
थांबा.
येतायत.