मेजर

फॉर्मच्या सातव्या ओळीत एक रकाना आहे: मेजर.
खिडकीतल्या भामरे सरांनी त्याला पेन्सिलीने गोल केला,
म्हणाले, हे घरी विचारून भर, नंतर बदलून मिळत नाही.

घरी विचारलं.
आई म्हणाली, "मेजर म्हंजे मिल्ट्रीना?"
गल्लीच्या तोंडाशी राहतात ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले,
पण सगळं नंदुरबार त्यांना मेजरच म्हणतं.
नाही गं, मी म्हटलं, मुख्य विषय. एकच निवडायचा.
"मंग डाक्टर लिख."

चारशे एकोणीस मार्कांत
डॉक्टर लिहिता येत नाही, आई.
झूऑलॉजी लिहिता येतं. बॉटनी. केमिस्ट्री. मायक्रो.
डॉक्टरच्या घराला मागून जाणाऱ्या गल्ल्या या,
त्यातली कुठली बोळ निघेल
ते आत शिरल्यावर कळतं.

तेजल गिरासे म्हणते झूऑलॉजी घे,
पुन्हा नीट दिलीस तर तेवढाच अभ्यास चालू राहील.
मेडिकलवाले पितांबरकाका म्हणतात मायक्रो,
जंतूंच्या धंद्यात मंदी नसते.
सुरतचा मामा फोनवर बोलला तेव्हा मागे लूम चालू होते,
त्या खडखडाटातून एकच शब्द नीट ऐकू आला:
वाया.

हंगाम संपून तीन महिने झाले.
पथारीवरची लाल चादर कधीच उचलली गेली,
पण कोठारातली सुकी मिरची उरते,
तिचे देठ खुडायला आई अजून जाते,
किलोमागे ठरलेले पैसे, दुपारी अर्धा कप चहा.
संध्याकाळी ती दार कोपराने ढकलते.
केस माझ्याकडून विंचरून घेते.
भाकरी चमच्याने खाते, आमच्या घरात,
जिथे पाहुण्यालासुद्धा चमचा मिळत नाही.
झोपताना हात उशीपासून लांब ठेवते,
जणू दुसऱ्या कुणाचे सांभाळायला दिलेत.

त्या रात्री मी तिच्या बोटांना तेल लावत होते.
पाण्याने आग पसरते, तेलाने उतरते,
हे तिला तिच्या सासूने सांगितलेलं.
मला त्यासाठी बारावीचं पुस्तक लागलं,
ध्रुवीय, अध्रुवीय, पान अमुक, दोन मार्कांचं.
फॉर्म शेजारीच पडला होता. ती त्याच्याकडे बघत म्हणाली,
"मना हातनी आग कोनता इषयमा येस?"

मी सांगायला गेले.
आग लावते ते द्रव्य, ते केमिस्ट्रीत.
मिरचीत ते का आलं, ते बॉटनीत.
बोटाकडून मेंदूकडे निरोप जातो, तो झूऑलॉजीत,
चिरांत पू धरतो तो मायक्रोत.
आणि अर्धा कप चहा,
आणि हातमोजे मागितले तर उद्यापासून येऊ नको म्हणणारा मुकादम?
ते कशात, मी शोधत राहिले.
तोवर तिचा डोळा लागला होता,
तेलकट हात छातीपासून दूर, उताणे.

मी दिव्याखाली केमिस्ट्री लिहिलं.
उपाय तिथे आहे म्हणून नाही.
तेल लावताना मला जे कळत होतं
त्याचा तो एकच धागा माझ्या हातात होता.
झूऑलॉजी मायनरमध्ये टाकलं, नीटसाठी.
मामाला सांगितलं नाही.

सकाळी पालकाची सही राहिली होती म्हणून
पथारीच्या फाटकाशी गेले.
आईने देठांच्या ढिगावरून उठून, पदराला हात पुसून,
सावकाश, काना-मात्रा मोजत नाव लिहिलं.
कागदावर तिची तीन बोटं उमटली, फिकट तांबडी.

भामरे सरांनी फॉर्म घेतला,
सही तपासली, बोट फिरवत ओळी वाचल्या,
केमिस्ट्री, बरं, म्हणाले, आणि डोळा चोळला.
मग दुसरा.
मग खुर्ची मागे सरली, हे काय गं, काय लावलंस याला,
मागची रांग हसायला लागली.

चोळू नका सर, मी गजातून म्हटलं.
हात लावू नका. नुसते डोळे मिटा, उघडा.
पाणी येऊ द्या.
येऊ द्या, पुसू नका.

ते लहान मुलासारखे ऐकत राहिले,
गालावरून ओघळ,
हातात शिक्का.