पाच गॅलनचं हेल्मेट

आधी बाटली कापली.
कूलरवर पालथी बसते ती, निळी, पाच गॅलनची.
ब्रेडच्या सुरीने होईना,
तेव्हा खालच्या सुतारगाळ्यातून
बारीक दात्यांची करवत मागून आणली.
निहारचं डोकं मोजलं शाळेच्या पट्टीने,
कानापासून कानापर्यंत,
आणि वर दोन बोटं जास्त,
श्वासाला.

'आई, याचं नाव झुरक.
हा धुळीच्या ग्रहावर राहतो.
तिथे पाणी ट्रकमधून येतं
आणि दुपारी कुणीच बाहेर पडत नाही.'
'बरं,' मी म्हटलं.
खिडकीबाहेर वादी कबीरचे डोंगर,
अंगावर गवताची काडी नाही,
आणि गल्लीत मागे मागे सरकत
पीं पीं करणारा पाण्याचा टँकर.

अंगासाठी एसीच्या डक्टवरची चंदेरी पट्टी.
आमच्या कंपनीत तिची रिळं नुसती लोळतात.
मी तिथे हिशेब लिहिते.
दीड रीळ लिहिलं नाही.
पँट रियासत मास्तरांकडे दिली.
त्यांनी ते चकचकीत कापड उलटंसुलटं केलं,
म्हणाले, 'मॅडम, मशीन रोएगी.'
आणि खरंच,
सुई टाक्याटाक्याला किंचाळली.

पाठीवर दूध-पावडरचे दोन डबे,
छातीवर झाकणांची बटणं.
लाल कशाचं? 'हवेचं.'
हिरवं? 'घरी फोन.'
आणि हे लबनच्या बाटलीचं, पांढरं?
'ते बंद पडलंय.'

रात्री साडेदहाला म्हणतो, कार्ड राहिलं.
'कसलं कार्ड?'
'रेसिडेंट कार्ड. नाहीतर झुरकला पकडतील ना!'
मग पुठ्ठा. मग कात्री. मग स्केचपेन.
नाव : झुरक.
व्यवसाय : धूळ मोजणे.
मुदत : दोन वर्षं.
'दोनच?'
'मग रिन्यू करायचं गं.'
आणि टोपण चावत,
'स्पॉन्सर कोण लिहू?'

त्याचे बाबा फहूदला, तेलाच्या विहिरींवर.
चौदा दिवस तिकडे, चौदा इकडे;
आज तिकडचा नववा.
मी काही बोलायच्या आत
त्याने लिहून टाकलं : बाबा.
मला पुढे जागा उरली नाही.
मागच्या बाजूला घेतलं,
'तंत्रज्ञ' म्हणून.

सकाळी सात चाळीस. सप्टेंबर.
गाडीपासून फाटकापर्यंत शंभरेक पावलं,
तेवढ्यात बाटली आतून वाफेने भरली.
झुरक आंधळा चालत राहिला
माझ्या ओढणीचं टोक धरून.
अंतराळातसुद्धा म्हणे असंच
दोरीने बांधून घेतात.

स्टेजवर पाठ केलेलं सगळं गेलं.
बाईंनी माइक बाटलीपाशी नेला,
'कुठून आलास रे तू?'
तो उभा. नुसता उभा.
पाठीवरचा एक डबा सुटून लोंबायला लागला.
मग त्याने खिशातून कार्ड काढलं
आणि हात लांब करून दाखवलं,
विमानतळावर दाखवतात तसं.

हॉल हसला. मीही हसले.
पण माझा हात पर्समध्ये गेला होता,
माझं कार्ड चाचपत.

बक्षीस ब्रोकोलीला मिळालं.

गुरुवारी नूरुल आला, पाणीवाला.
दोन भरलेल्या खाली ठेवल्या,
रिकाम्या मोजल्या,
'एक कमी आहे, दीदी.'
मी हेल्मेट आणून दाखवलं.
डिपॉझिट दीड रियाल, मी पैसे काढायला वळले,
तर त्याने ते डोक्यात घातलंसुद्धा.
घामाने ओला शर्ट, वर निळा गोल,
दारात उभा राहून तो जिन्याकडे बघत होता,
तिन्ही मजल्यांच्या जिन्याकडे.
बराच वेळ.
मग आतून, लांबून आल्यासारखं,
'दीदी, इसमें अपनी ही साँस सुनाई देती है.'

काढलं. पुसलं, स्वतःच्या बाहीने.
वहीत माझ्या नावापुढे लिहिलं, 'फुटली',
आणि पैसे न घेता
रिकाम्या बाटल्या ढोलासारख्या वाजवत
उतरून गेला.

फरशीला चिकटलेला एक चंदेरी तुकडा
अजून निघत नाहीये.