आवाज येणारी खोली

मे महिना, रात्रीचे अकरा.
गच्चीवर शिंपडलेलं पाणी पायाखालीच वाळून गेलं
आणि आम्ही पाचजण एका मोबाईलभोवती,
शेकोटीला बसावं तसे.
वॉटर पार्कची तिकिटं निघालीत.
झोपायचं कुठं, ते ठरत नाही.

पार्कच्या आतच एक हॉटेल आहे.
खिडकीतून घसरगुंड्या दिसतात म्हणे,
पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून.
मी फोटो मोठा करून काठ बघितला.
सहा वर्षं हेच काठ शिवतेय, डझनाच्या हिशोबानं.
हा आपलाच माल, अक्कलकोट रोडचा, मी म्हटलं.
पक्कं कसं सांगणार,
पण दुमड ओळखीची होती.
"मग भाडं कमी करा म्हणावं त्यांना," अंबादास म्हणाले.
एका रात्रीचे नऊ हजार, वर टॅक्स.
हंस तिथंच राहिले.

मग निघालं नणंदेच्या चुलत दिराचं घर.
पार्कपासून बारा किलोमीटर, आणि फुकट.
फुकट म्हणजे दोन चादरी, किलोभर शेंगाचटणी,
कडक भाकरीची चळत, त्यांच्या पोरांना कपडे,
आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून
तिच्या ओट्याशी मी.
अंबादासनी बोटांवर हिशोब केला,
बोटं संपली तसा विषय सोडला.

भार्गवला तंबू पाहिजे.
तेजूला पूल पाहिजे, हॉटेलातच, पायऱ्या उतरल्या की.
अगं, दिवसभर पाण्यातच असशील, रात्री परत पाणी कशाला?
"रात्रीचं पाणी वेगळं असतं," ती म्हणाली.
आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी नळ येतो,
तोही पहाटे तीनला, घागरी घेऊन जागं राहावं लागतं.
रात्रीचं पाणी तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मामा बाजेवर पाठ करून पडले होते.
"मला नका धरू. तिथं मला झोप येत नाय."
सगळे गप्प झाले, कारण खरंच होतं.
एकेचाळीस वर्षं यंत्रमागावर गेली त्यांची.
आता मागं लागलेत शेजारच्या यल्लप्पांचे,
रात्रपाळीची ती खटखट भिंतीतून येते
आणि मामा तिच्यावर डोकं टेकून झोपतात.
लाईट जाऊन माग थांबले की दचकून उठतात,
"काय झालं? कोण गेलं?"
महाबळेश्वरच्या लग्नात तर अख्खी रात्र
पायरीवर बसून काढली.
शांतता फार होती तिथं, म्हणाले,
कानात मुंग्या आल्या.

शेवटचा फोन हायवेवरच्या लॉजला.
मॅनेजर सरळ माणूस निघाला:
"साहेब, नंतर भांडू नका. पुढं रात्रभर ट्रक,
मागं बर्फाचा कारखाना.
एक खोली आहे, पण तिची भिंत थरथरते.
गिऱ्हाईक मध्यरात्री पैसे मागतं परत."
अंबादास फोन ठेवणार, तेवढ्यात मी ओढून घेतला.
थरथरते म्हणजे कशी हो?
एकसारखी, की थांबून थांबून?
तो जरा गोंधळला.
"एकसारखी, ताई. पहाटेपर्यंत."
पलंग त्या भिंतीला लागून आहे का?
"आहे, पण सरकवून देतो की."
नका सरकवू, मी म्हटलं. तीच खोली द्या.

पाचशे आगाऊ पाठवले.
भार्गव रुसून खाली गेला.
तेजूनं विचारलं, पूल हाय का?
गच्चीवर टाकी आहे म्हणाले, मी सांगितलं,
आणि ती त्यावरही विचार करायला लागली.
मामांनी बरा कान माझ्याकडे केला.
मागाच्या आवाजात बोलायचे तसं, हातानंच मी सांगितलं:
मूठ पुढं, मूठ मागं, पुढं, मागं,
मग तळवा गालाखाली.
ते काही बोलले नाहीत.
थोड्या वेळानं उठले, कपाटातली आपली चादर काढली
आणि घडी न घालताच बॅगेत कोंबली.
जायला अजून नऊ दिवस होते.