जहाज

लुणियाशेठच्या जिनिंगात एकावन्न सालची प्लायमाउथ होती.
तिच्या नाकावर एक लहानसं जहाज, शिडं फुगलेली,
आणि जालन्यापासून समुद्र चारशे किलोमीटर.
गाव तिला जहाजच म्हणायचं.
बाबा सांगतात, मी समुद्र पाहिला तो तिच्या रेडिएटरात:
वैशाखात बदनापूरपर्यंत दोन घागरी प्यायची,
आमच्या घरी नळ यायचा आठव्या दिवशी.

मिस्त्री म्हणजे कान.
सहा सिलिंडर, सहा सुना, त्यातली कोणती रुसली
हे ते फाटकातूनच सांगत.
पॉइंट घासायला काडेपेटीची कड,
फट मोजायला दाढीचं जुनं पातं,
टाकी गळाली तर साबण,
रेडिएटर झिरपला तर हळद,
कापल्या बोटाला लावतात तीच, त्याच डब्यातली.
पुढच्या अखंड सीटवर शेठ, मुनीमजी, मापाडी,
मापाड्याच्या मांडीवर सरकीसकट कापसाचा नमुना,
आणि वळणावर तिघंही एकाच बाजूला.

मी चिकलठाण्याला असते, जर्मन गाड्यांच्या वर्कशॉपात.
हातमोजे घालते, केबल जोडते,
गाडी आपलं दुखणं स्वतःच लिहून देते,
आकडे, तारीख, वेळेसकट.
मला फक्त वाचायचं असतं.
पार्ट पुण्याहून येतो, कधी त्याच्याही पलीकडून,
आणि तोवर दीड टनाचा हा श्रीमंत प्राणी
मुक्यानं उभा राहतो, उघडल्यावाचून.

मागच्या बुधवारी बाबा आले.
लिफ्टवर लुणियांच्याच नातवाची काळी ई-क्लास
(आता त्यांच्या सळईच्या भट्ट्या आहेत).
बोनेट उघडलं तर आत काळं झाकण.
"इंजन काहून झाकलंय? सोवळ्यात हाय का?"
मी झाकण काढलं. बटण दाबलं.
बाबांनी कान लावला.
बराच वेळ.
"बंद हाय."
"चालू आहे, बाबा."
मग त्यांनी तळवा ठेवला, लेकराचा ताप पाहावा तसा,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
"हाव. हाय."
पाणी कुठून पिती म्हणाले. मी गुलाबी द्रव दाखवला.
"हे तर औषध हाय माय. तहान कुठंय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
उत्तर मागच्या आवारात होतं, ताडपत्रीखाली.
करमाडजवळ तीन कोलांट्या घेतलेली एक पांढरी,
तोंड चुरगळलेलं, पडदे लोंबणारे, काच साखरेसारखी.
"माणसं?"
"चौघं होती. चालत बाहेर आली. एकाची चप्पल सापडली नाही."
बाबा ताडपत्रीचं टोक धरून उभे राहिले.
मुनीमजींची आठवण त्यांना तिथं यावी हे मला अपेक्षित नव्हतं:
जहाज एका बाभळीवर चढलं होतं, सत्तर-एकाहत्तर साली,
लोखंडी डॅशबोर्डाला पोचासुद्धा नाही,
आणि मुनीमजींचे पुढचे दात
मी, म्हणाले, सीटखालून वेचले,
नट-बोल्ट वेचतात तसे, फडक्यात.
दुसऱ्या दिवशी शेठनं विचारलं, गाडीला काय झालं का.
मी म्हणलं, काही नाही.

"ही शिकलेली हाय," ते पांढऱ्या गाडीला म्हणाले,
"मोडायचं कव्हा ते हिला कळतं."

एवढंच. स्तुती होती का तक्रार,
ते मी संध्याकाळभर उलटंसुलटं करून पाहिलं.
लुणियांच्या गाडीला चाकाचा एक सेन्सर लागला,
किमतीत जुन्या काळी एक अख्खं इंजन आलं असतं.
बिल त्यांनी फोनवर न वाचताच भरलं.

बाबांना जालन्याच्या एसटीत बसवलं.
खिडकीजवळची जागा, मांडीवर पाण्याची बाटली.
बस थरथरली, खोकली, धूर सोडून सुरू झाली,
तसा त्यांचा चेहरा उजळला,
खिडकीतून वाकून त्यांनी मला दोन बोटं दाखवली.
निरोप नव्हता तो.
दुसरा सिलिंडर मारत नव्हता.