दातांच्या खुणा

येत्या शनिवारी, ओस्त्रावातल्या शाळेच्या जिमखान्यात.
टेबलं सगळी एकाच उंचीची हवीत,
नाहीतर रूळ जुळत नाहीत, झ्देन्का तिसऱ्यांदा बजावते.
राडिम पूल आणणार. अर्धाच;
उरलेल्या राखाडी विटा टपालात अडकल्यात.

बोहुस्लाव कोळशाची खाण बांधतोय,
जिच्यात तो एकतीस वर्षं उतरत होता.
"पाळणा खरंच वर-खाली होतो," म्हणतो,
आणि चहा निवून जातो.

किलोवर घेतलेल्या जुन्या ढिगात
त्याला एक काळी वीट सापडली,
कडेला बारीक दात उमटलेले.
कुणाचं पोर, कोण जाणे.
"बदल की," झ्देन्का म्हणाली, "नव्या आहेत माझ्याकडे."

त्यानं ती बसवली
सगळ्यात खाली, जिथे दिवा पोचत नाही.
अंगठ्यानं दाबली. टक्.
मग विचारलं,
टेबलं किती उंचीची म्हणालीस?